वर्षाराणीचा लॅपटॉप

भागवतनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला तेव्हा तो दुपट्ट्यात बांधलेला होता, आणि गाठ इतकी करकचून मारलेली की सोडायला त्याला दात लावावे लागले. मंगरूळपीरच्या बसस्टँडासमोर ‘संस्कृती कॉम्प्युटर्स’ चालवणाऱ्या पल्लवीनं लोक लॅपटॉप कशाकशात घालून आणतात ते नऊ वर्षांत पाहिलं होतं. उशीच्या अभ्र्यात आणतात, खताच्या थैलीत आणतात, एका गुरुजींनी तर पुरणपोळीच्या डब्यात आणला होता आणि कीबोर्डाला तुपाचा वास मारत होता. पण जनावर बांधावं तसा बांधून कुणी आणला नव्हता. पळून जाते का काय हो हा, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. समोरच्याचं तोंड पाहून तिनं ते गिळलं.

माणूस तिशी-बत्तिशीचा असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, आणि बोलणं इतकं हळू की पल्लवीला पंखा एकवर आणावा लागला. शिरपूर जैनच्या पलीकडच्या गावचा, जगदेव पाटलाचा मुलगा, असं त्यानं सांगितलं. जगदेव पाटील कोण ते पल्लवीला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असायलाच पाहिजे अशा थाटात त्यानं ते सांगितलं. मग लॅपटॉप उलटा करून खालचा स्टिकर दाखवला. त्यावर दुकानाचं नाव, गाव आणि फोन नंबर होता. पन्नास किलोमीटर तो त्या एवढ्याशा स्टिकरच्या मागं आला होता.

पल्लवीनं रिवाजाप्रमाणं चहाचं विचारलं. उपास हाये, तो म्हणाला. बुधवारी कोणता उपास असतो ते त्याचं त्याला माहीत. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर नजर गेली की काही लोकांना असा एकाएकी उपास लागतो, हे पल्लवीला नवं नव्हतं. अशा उपाशांचं काम ती मुद्दाम चोख करून द्यायची. पाणी नको म्हणणाऱ्यानं आपल्या हाताला मान द्यावा, हा तिचा हट्ट होता. त्या हट्टापायीच पुढचं सगळं झालं असं मी म्हणणार नाही, पण थोडंफार त्याच्यापायीही झालं.

भागवतचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं. लॅपटॉप घरवालीचा आहे, चालू होत नाही, तो चालू करून द्या. आणि आतल्या फाइली जशाच्या तशा पाहिजेत, एकही जाता कामा नये.

पल्लवीनं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर टिपके गोल गोल फिरले, दुरुस्तीची तयारी चालू आहे असं इंग्रजीत आलं, मग पडदा निळा झाला, आणि थोड्या वेळानं पुन्हा काळा. पुन्हा टिपके. घाण्याचा बैल बरा, तो निदान तेल तरी काढतो. ह्याला काय केलं होतं म्हणून तिनं विचारलं तर भागवतनं काही न लपवता सांगितलं. आत जायचा चार आकडी पिन त्याला माहीत नव्हता. त्यानं लग्नाची तारीख टाकून पाहिली, तिच्या बापाच्या मरणाची टाकून पाहिली, गाडीचा नंबर टाकला. प्रत्येक वेळी चूक निघाली की तो बटण दाबून धरून लॅपटॉप विझवायचा आणि नव्यानं सुरू करायचा. असं नऊ दिवस, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. आपण इतके इतके तास पिकाला पाणी दिलं असं एखादा शेतकरी सांगतो तसं तो सांगत होता.

असं केल्यावर कोणत्याही मशिनीचं डोकं फिरणारच. आतली विंडोज मोडली होती. पल्लवीनं ती निळी पाटी उघडली, जिथून बिघडलेल्या मशिनीची दुरुस्ती करता येते, आणि पहिल्याच पायरीला मशिनीनं तिच्याकडे चावी मागितली. ही चावी म्हणजे अठ्ठेचाळीस आकड्यांचा नंबर. तो दिल्याशिवाय आतल्या कप्प्याला कुणी हात लावू शकत नाही.

आता इथं पल्लवीच्या धंद्याची एक रीत सांगायला पाहिजे. आपल्याकडच्या माणसाला सात-बाऱ्याचा गट नंबर पाठ असतो, साल्याच्या सासऱ्याचं गाव पाठ असतं, पण स्वतःचा पासवर्ड विचारला की तो बायकोकडे पाहतो आणि बायको आढ्याकडे. शंभर गिऱ्हाइकं अशी आली तेव्हा पल्लवीनं कपाळाला हात लावला आणि एक सोय केली. नवा लॅपटॉप चालू करून देतानाच ती गिऱ्हाइकाचा ईमेल आपणच काढायची, पासवर्ड आपणच ठेवायची, तोही सगळ्यांना एकच, आणि मोबाईलच्या जागी दुकानाचा नंबर टाकायची. मग ते एका लांबड्या रजिस्टरात गावाप्रमाणं उतरवून ठेवायची. पुण्याला शिकून आलेल्या एकानं तिला टोकलं होतं की ताई, हे बरोबर नाही. ती म्हणाली होती, बरोबर नसेल बापा, पण कोणाचं अडत नाही.

खरंच कुणाचं अडत नव्हतं. अनसिंगच्या मास्तराचं नाही, कोतवालाचं नाही, दर्ग्याच्या गल्लीतल्या फोटोवाल्याचं नाही. म्हणून तिनं भागवतला घरवालीचं नाव विचारलं. वर्षाराणी, तो म्हणाला. त्यानं नाव घेतलं आणि पल्लवीचा हात रजिस्टरावर जरा थांबला.

वर्षाराणी तिला पक्की आठवत होती. दोन वर्षांपूर्वी आई कस्तुराबाईबरोबर आली होती, ह्याच स्टुलावर बसली होती. उजव्या मनगटाला पट्टी, म्हणून डाव्या हातानं एक एक अक्षर शोधून टाइप करत होती. चक्कीवर पडली म्हणाली. कस्तुराबाई तेव्हा तोंडाला पदर लावून रस्त्याकडे पाहत बसली होती. पल्लवीला तेव्हाच काही वाटलं होतं, पण गिऱ्हाइकाच्या घरात डोकवायचं नाही ही दुकानाची पहिली शिस्त. शिस्त पाळायला सोपी असते, म्हणून माणसं पाळतात.

आताही तिनं शिस्तच पाळली. रजिस्टरातलं पान काढलं, दुकानाच्या कॉम्प्युटरवर वर्षाराणीचं खातं उघडलं, दुकानाच्या मोबाईलवर आलेला कोड टाकला, आणि खात्यात साठवलेली चावी समोर आली. अठ्ठेचाळीस आकडे तिनं न अडखळता लॅपटॉपवर टाकले. निळी पाटी हलली, मशिनीनं आत घेतलं. भागवत स्टूल सरकवून पुढं आला होता. मघापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं.

“म्हणजे आमच्या सगळ्यायच्या चाव्या तुमच्यापाशीच हायेत,” तो म्हणाला.

पल्लवी हसली. आता हसली म्हणून तिला बोल लावू नका. उपास धरलेल्या माणसानं कौतुक केलं होतं.

मग तिनं मशिनीला आपली आपण दुरुस्त व्हायला सांगितलं. ते दहा मिनिटं चाललं आणि दुरुस्ती जमली नाही असं उत्तर आलं. म्हणजे आता विंडोज नव्यानं टाकायची, दुसरा इलाज नव्हता. तेवढ्या दहा मिनिटांत तिनं सहज म्हणून विचारलं की वर्षाराणी स्वतः काहून नाही आली, तिला पिन तरी ठाऊक असता.

“नऊ दिवस झाले, घरी नाही,” भागवत म्हणाला. “मायकडे नाही, मामाकडे नाही. मोबाईल घरी ठेवून गेली. कुठं गेली ते ह्याच्यात हाये. रातच्या दोन-दोन वाजेपर्यंत ह्याच्यातच तोंड खुपसून बसे.”

पोलिसात दिलं का, असं पल्लवीनं विचारलं. नाही, तो म्हणाला, घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी. आणि लगेच, कुणी विचारलं नसताना, गाईची गोष्ट सांगू लागला. त्यांच्या गोठ्यात एक तांबडी गाय होती, तिला दावं तोडून पळायची खोड. बाबांनी तिच्या गळ्यात लोढणं बांधलं, चांगलं मांडीएवढं बाभळीचं लाकूड, की धावली तर ते पायात यावं. तरी ती पळायची, लोढणं फरफटत. पायाची सालटी निघाली तरी पळायची.

“मग मीनं तिचा बंदोबस्त केला,” तो म्हणाला.

काय बंदोबस्त केला ते त्यानं सांगितलं नाही आणि पल्लवीनं विचारलं नाही. बाहेर कारंज्याकडे जाणारी एसटी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. एवढ्या गर्दीच्या रस्त्यावर, भर दुपारी, उघड्या शटरच्या दुकानात पल्लवीला भीती वाटली.  स्वतःची नाही, त्या डाव्या हातानं टाइप करणाऱ्या पोरीची.

लॅपटॉपच्या पडद्यावर आता दोनच पाट्या होत्या. वरची म्हणत होती, तुमच्या फाइली ठेवून विंडोज नव्यानं टाकतो. खालची म्हणत होती, सगळं काढून टाकतो. हजार वेळा तिनं ह्या दोन पाट्या पाहिल्या होत्या. गिऱ्हाइकाला विचारायचं, तो म्हणेल ती दाबायची आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच असायचं. आज वरची दाबली तर तासाभरात लॅपटॉप उघडेल, खात्याचा पासवर्ड तर तिच्याच हाताचा, आणि वर्षाराणीनं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून जे काही केलं ते ह्या माणसाच्या बोटाखाली येईल. ती कुठं लपली आहे ते त्याला कळावं की नाही, हे आता पल्लवीच्या एका बोटावर आलं होतं.

नाही होत म्हणून लॅपटॉप परत द्यावा, असाही विचार तिच्या मनात आला. पण मग तो दुसऱ्याकडे जाईल. वाशीममध्ये दहा दुकानं आहेत, आणि चावी मिळते हे आता त्याला कळलं होतं. ते तिनंच तर हसून दाखवलं होतं.

तिनं गळा साफ केला आणि खोटं बोलली. तुम्ही बटण दाबून दाबून विझवलं ना, त्यानं डिस्क खराब झाली, फाइली वाचत नाहीत, सगळं पुसून नव्यानं टाकलं तरच मशीन चालेल. असं खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती असं नाही, धंदा आहे, थोडंफार चालतंच. पण आज ते बोलताना तिनं टेबलाची कड धरली होती.

भागवतनं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्याला इंग्रजी कितपत येतं ते तिला माहीत नव्हतं. पडद्यावर दोन्ही पाट्या तशाच होत्या.

“मले तं फाइलीच पाह्यजे होत्या,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, “बरं. चालू तं करून द्या.”

पल्लवीनं खालची पाटी दाबली. मशिनीनं पुन्हा विचारलं, नुसतं काढू की पूर्ण साफ करू, वेळ लागेल. तिनं पूर्ण साफ म्हटलं. वर्षाराणीच्या फोटोंचं, फॉर्मांचं, काय काय लिहिलं असेल त्याचं तिला वाईट वाटलं. पण पोरगी वाचली तर फोटो आणखी काढता येतील, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि शेवटचं बटण दाबलं.

एक टक्का. दोन टक्के. अडीच तास लागतील, तुम्ही बाजारात फिरून या, असं तिनं दोनदा सुचवलं. भागवत हलला नाही. त्यानं पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, झाकण घट्ट लावलं. त्यानंतर एक बाई प्रिंट काढायला आली, एक म्हातारे पेन्शनचा दाखला काढायला आले, पल्लवीनं त्यांची कामं केली. त्या सगळ्या वेळात भागवत पडद्यावरचा आकडा पाहत बसला होता. मधूनच तो घरचं बोलायचा. वर्षाराणी भाकरी चांगली करते. वर्षाराणीला उन्हाचा त्रास होतो. तिच्या आईच्या घराला मागून दार आहे, ते त्यानं परवा पाहून ठेवलं आहे. हे तो सगळं एकाच सुरात सांगायचा. पल्लवी हूं हूं करत होती. मनातल्या मनात तिनं किती वेळा देवाबुद्धाला हात जोडले त्याचा हिशेब नाही.

शंभर टक्के झाले. मशीन दोनदा बंद होऊन चालू झाली आणि नव्या कोऱ्या लॅपटॉपसारखे प्रश्न विचारू लागली. देश कोणता, कीबोर्ड कोणता, वायफाय कोणतं. पल्लवीनं दुकानाचं वायफाय जोडलं. मग ईमेल मागितला. तिचा हात जरा थांबला तसा भागवत म्हणाला, तिचाच टाका ना, तुमच्या रजिस्टरात आहेच तो. पल्लवीनं विचार केला. नाही म्हटलं तर हा ‘का नाही’ म्हणून विचारणार, आणि एवढा वेळ गप्प बसलेल्या माणसाला संशय येऊ देण्यात अर्थ नव्हता. तसंही लॅपटॉप आता रिकामं मडकं होतं. रिकाम्या मडक्यावर कोणाचंही नाव घाला. तिनं ईमेल टाकला, सगळ्यांचा असतो तो पासवर्ड टाकला.

थोडं थांबा, सगळं तयार करतोय, असं काहीसं पडद्यावर आलं आणि मग डेस्कटॉप उघडला. निळा पडदा, आणि कोपऱ्यात एकटी कचऱ्याची टोपली. पल्लवीच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, मुद्दाम पूर्ण वळवला, आणि म्हणाली की पाहून घ्या भाऊ, काहीच नाही राहिलं, मशीन मात्र खणखणीत झाली. ती इतकी मोकळी झाली होती की तिला भूक लागल्याचंही कळलं.

भागवत पाहत होता. टोपलीच्या खाली एक पिवळं फोल्डर आलं.

मग त्याच्या खाली आणखी एक. मग एक फोटो, कस्तुराबाईचा, अंगणातला. मग एक कागद, आणखी एक कागद. एकापाठोपाठ एक, पेरणीच्या पाभरीतून दाणे पडावेत तशा फाइली निळ्या पडद्यावर पडत गेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक लहानसा ढग घेऊन.

पल्लवीला आठवायला एकच क्षण लागला, आणि तो क्षण तिला जन्मभर पुरणार आहे. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांच्या लॅपटॉपवर ती ही ढगातली साठवण पहिल्याच दिवशी बंद करून टाकायची, नेट फार ओढते म्हणून. एकट्या वर्षाराणीची चालू ठेवली होती. वर्षाराणीनंच तसं मागितलं होतं. आई बाहेर गेली तेव्हा तिनं हळूच विचारलं होतं की ताई, हा कोणी फोडून टाकला तरी माझे कागद राहतील असं काही करता येते का. पल्लवी म्हणाली होती, येते ना, तुला काही करायचं काम नाही, खात्यात गेलं की सगळं परत येते. पोरगी केवढी हसली होती तेव्हा.

पल्लवी उठली. वायफायचा डबा मागच्या भिंतीवर होता, खुर्चीपासून चार पावलांवर. ती तिथं पोचून बटण बंद करेपर्यंत भागवतनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला होता. वर्षाराणी टापटिपीची मुलगी. फाइलींना नावं अगदी नीट दिलेली, ‘आईचे फोटो’, ‘नर्सिंग फॉर्म’, ‘अमरावती होस्टेल पत्र’. भागवतनं पडद्यावर बोट ठेवून शेवटचं नाव वाचलं, ओठ हलवत, आणि त्यावर दोनदा टिचकी मारली. डबा विझला तोवर पत्र उघडलं होतं.

महिलांच्या वसतिगृहाचं पत्र होतं. वर्षाराणीचं नाव, कोणत्या तारखेला हजर व्हायचं ती तारीख, खोली नंबर, गल्ली, चौक, फोन. भागवतनं ते सावकाश वाचलं. मग मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला. फोटो हलला असं वाटलं म्हणून दुसरा घेतला. पल्लवी भिंतीला पाठ लावून उभी होती. 

“ताई, तुमी तं म्हणत होत्या फाइली वाचत नाहीत,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला, तेही हळू. मग दुपट्टा घडी करून खांद्यावर टाकला आणि निघाला.

लॅपटॉप, असं पल्लवीच्या तोंडून कसंबसं निघालं.

“राहू द्या तुमच्यापाशी. आता काय काम हाये त्याचं?”

रस्त्यापलीकडे त्याची गाडी उभी होती. ती वळली, आणि शिरपूरच्या रस्त्याला न लागता कारंज्याकडे गेली. अमरावतीचा रस्ता तोच.

पल्लवीनं पत्रावरचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. घाईत एकदा नंबरच चुकला आणि कुठल्याशा पिठाच्या गिरणीत लागला. दुपारच्या झोपेची वेळ असावी, कुणी उचलत नव्हतं. ती दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारत होती, स्वतःला शिव्या देत होती, आणि खरंच, द्यायलाच पाहिजे होत्या. सगळ्यांच्या चाव्या एका रजिस्टरात ठेवून कुणाचं अडत नाही म्हणून मिरवत होती. आज भागवतचंही अडलं नव्हतं. पोलिसांचा नंबर लावला, तिकडे विचारलं की तुम्ही तिच्या कोण, काय घडलं आहे. अजून काही घडलं नाही, ती म्हणाली, आणि पलीकडच्या माणसानं ठीक आहे, घडलं तर कळवा म्हणून फोन ठेवला.

एका तासानं वसतिगृहाचा फोन लागला. बेबीबाई नावाच्या बाईनं उचलला, तिथं दारावर बसत असावी. आवाज कडक. फोनवर मुली देत नाही, ती म्हणाली, तसा नियमच नाही. नातेवाईकानं ओळखपत्र घेऊन समक्ष यावं, मग भेटू देतो.

“तोच येऊन राह्यला, ओळखपत्र घेऊन,” पल्लवी म्हणाली. “त्याच्यासाठीच फोन हाये, मावशी.”

 बेबीबाईनं रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि लांब कुठंतरी तिनं मारलेली हाक. पल्लवीनं काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. माझी चूक नव्हती, मी तर पुसलं होतं, मला सुचलंच नाही. पायऱ्यांवरून कुणीतरी धावत उतरलं, रिसीव्हर उचलला गेला, आणि दम लागलेला तो आवाज ऐकल्यावर जुळवलेलं सगळं विसरलं.

“वर्षाराणी, मी मंगरूळपीरहून पल्लवी. लॅपटॉपवाली. भागवतले तुहा पत्ता भेटला. माह्याच हातून भेटला.”

 पल्लवी वाट पाहत राहिली. रडेल, ओरडेल, शिव्या देईल, काहून असं केलं म्हणून विचारेल. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

“कवा निघाला?” वर्षाराणीनं विचारलं.

“एक घंटा झाला.”

“एसटीनं का गाडीनं?”

“गाडीनं.”

“तो गाडी लय जोरात चालवते,” वर्षाराणी म्हणाली, पल्लवीला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. फोन तिनं बंद केला नाही, तसाच टेबलावर टाकला असावा. त्यामुळं पल्लवीला पायऱ्या चढणाऱ्या चपला ऐकू येत राहिल्या, मग वरच्या मजल्यावर कपाटाचं दार आपटलं, मग त्याच चपला खाली आल्या. कुठं चालली गं एवढ्या उन्हात, असं बेबीबाई विचारत होती आणि चपला न थांबता दाराबाहेर गेल्या.